हेमकुंडाचा बेत करताय? आधी दिवस मोजा

मैत्रिणींनो, पंजाबकडची गाडी नांदेड स्टेशनात आली की फलाटावर पगड्यांची आणि रंगीत ओढण्यांची केवढी गर्दी उतरते, हे आपल्यापैकी कितीतरी जणी लहानपणापासून पाहत आल्या आहेत. दोन-दोन दिवसांचा प्रवास करून ही मंडळी येतात ती सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली आपल्या गोदाकाठी देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३० नंतरच्या काळात इथे गुरुद्वारा बांधविला. म्हणजे एका वाटेचं हे शेवटचं टोक आपल्या घराजवळ आहे. त्या वाटेचं दुसरं टोक कुठे असेल, असा विचार कधी मनात आला आहे का?

ते टोक आहे हिमालयात, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात. ‘बचित्तर नाटक’ या रचनेत गुरूंनी मागच्या जन्मी सात शिखरांच्या मध्ये, हेमकुंट नावाच्या जागी तप केल्याचं सांगितलं आहे. सात बर्फाळ शिखरांनी वेढलेलं हे सरोवर १९३० च्या दशकात शीख शोधकांनी निश्चित केलं आणि तिथे हेमकुंड साहिब उभं राहिलं. स्थानिक पहाडी लोक त्या सरोवराला त्याआधीपासून लोकपाल म्हणून मानत आले आहेत. काठावर लक्ष्मणाचं छोटं देऊळही आहे. त्याच्या शेजारच्या खोऱ्यात ‘फुलों की घाटी’, म्हणजे फुलांचं खोरं. नांदेड-लातूरकडच्या महिला मंडळांत हल्ली हा बेत वारंवार निघतो. निघावाही! पण या सहलीचा बेत तिरुपती-रामेश्वरसारखा करून चालत नाही, एवढंच आज तुम्हाला सांगायचं आहे.

उंची म्हणजे नेमकं काय?

आपलं नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे-पावणेचारशे मीटरवर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. आता गंमत पाहा. हेमकुंडाची वाट जिथून चालू होते ते गोविंदघाट हे गावच सुमारे १,८०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईचं टोक जिथे संपतं, त्याच्याही वर आपलं पहिलं पाऊल पडायचं! मुक्कामाचं घांगरिया तीन हजार मीटरच्या थोडं वर. आणि हेमकुंडाचे आकडे फलकाफलकावर निरनिराळे दिसले, तरी ते चार हजार मीटरच्या चांगलंच वर आहे.

स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांपर्यंत तापतच नाही. हेमकुंडाच्या उंचीवर ते ८६-८७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास रटरटली तरी टणकच राहते. तिथे कुकरशिवाय गत्यंतर नाही. जो दाब डाळीला कमी पडतो, तोच आपल्या फुप्फुसांनाही कमी पडतो. नांदेडला एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या सुमारे साठ टक्केच तिथे मिळतो. आपल्या फुप्फुसांना लावायला कुकर काही नसतो. हळूहळू शरीर स्वतःच जुळवून घेतं: श्वास भरभर चालू लागतो, रक्तात बदल होतो. पण त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस दिले नाहीत, तर धट्टीकट्टी माणसंही आजारी पडतात. रोज पाच किलोमीटर फिरणाऱ्या, योगासनं करणाऱ्या बाईला त्रास होईल आणि तिची स्थूल नणंद खुशाल चढून जाईल, असंही घडतं. पायांतली ताकद आणि उंची सोसणं, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून बेत करताना सामानाची यादी मागाहून. आधी दिवस मोजा.

दिवसांचा हिशेब

सचखंड एक्सप्रेस नांदेडहून दिल्लीमार्गे अमृतसरला जाते. दिल्लीला उतरून हरिद्वार-ऋषिकेश गाठायचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख ठरली की त्याच सकाळी तिकिटं काढून टाका. हेमकुंडासाठी उत्तराखंड सरकारकडे नाव नोंदवणं सक्तीचं आहे. ते घरबसल्या होतं. मुलांना सांगा, मोबाईलवर करून देतील.

ऋषिकेशला एक रात्र विसावा घ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गाडीने जोशीमठ, त्याचं आताचं नाव ज्योतिर्मठ. हा रस्ता अडीचशे किलोमीटरचा असला तरी सबंध दिवस मोडतो. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे अलकनंदेचे संगम एकामागून एक येतात. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पलीकडे. दक्षिणगंगेच्या काठी वाढलेल्या आपल्याला हे पाणी पाहताना नदी एवढी धावते कशाला, असं वाटल्यावाचून राहत नाही.

जोशीमठला एक रात्र नव्हे, दोन रात्री राहा. बहुतेक सहली इथे घाई करतात. पण जोशीमठ जवळजवळ १,९०० मीटरवर आहे आणि आपण साडेतीनशे मीटरवरून आलो आहोत. एक दिवस नरसिंह मंदिरात जा, गावात फिरा, गरम जेवा, लवकर झोपा. जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचून घरांना तडे गेले ते हेच गाव. त्या डोंगरावर आपण पाहुण्या आहोत, याची आठवण तिथे आपोआप राहते.

तिसऱ्या दिवशी गोविंदघाट. तिथून पुलनापर्यंत चार किलोमीटर गाडी जाते. पुढे घांगरियापर्यंत साधारण नऊ-दहा किलोमीटर चालायचं. लक्ष्मणगंगेच्या कडेकडेने झाडांच्या सावलीतून वाट जाते. खेचरं सारखी ये-जा करतात. तेव्हा नेहमी डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. चहाच्या टपऱ्या आहेत, बसायला दगड आहेत. सहा तास लागू देत, सात लागू देत. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, हे चालीचं माप. शब्द तुटायला लागले की चाल कमी करा.

घांगरियाला गुरुद्वारा आहे, लहान लॉज आहेत. आता पुढचा दिवस कशाचा? पुष्कळ जण दुसऱ्याच पहाटे हेमकुंडाला निघतात, दर्शन आधी आणि फुलं मग, असा भाव त्यात असतो. भाव चांगला, पण क्रम उलटा करा. आधी फुलांचं खोरं, मग हेमकुंड. खोरं साडेतीन हजार मीटरच्या आतबाहेर आहे, चढ बेताचा आहे. दिवसभर थोडं उंच हिंडून यायचं आणि झोपायला पुन्हा खाली घांगरियाला. पहाडातली जुनी शिकवण हीच: चढावं उंच, निजावं खाली. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये, असा डॉक्टरांचाही दंडक आहे. हेमकुंडाला रात्री राहायची मुभाच नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

त्यानंतर एक दिवस हेमकुंड, आणि दोन दिवस मोकळे हाताशी ठेवायचे. हे दोन दिवस वाया गेले असं समजू नका. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाट आणि भ्यूंडार गावाची वाताहत झाली. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून गोविंदघाटचा पूल मोडला, मग यात्रेसाठी नवा लोखंडी पूल टाकावा लागला. पावसाळ्यात रस्ता कधी दोन तास बंद पडतो, कधी दोन दिवस. परतीचं आरक्षण अगदी टेकवून केलेलं असलं, की माणूस नको त्या वेळी नको ती घाई करतो. घरातून निघून घरी परत येईपर्यंत बारा-तेरा दिवस धरा. तेवढे मिळत नसतील तर बेत पुढच्या वर्षावर टाका. डोंगर कुठे जात नाही.

केव्हा जावं? हेमकुंड साधारण मेअखेरीस उघडतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतं. जूनमध्ये वरच्या वाटेवर बर्फ असतो. फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पण पाऊस आणि दरडीही तेव्हाच. सप्टेंबरात फुलं ओसरतात, आकाश स्वच्छ होतं. ज्यांना फुलांपेक्षा धास्ती मोठी वाटते, त्यांनी सप्टेंबर धरावा.

तीन महिने आधीची तयारी

पहिली गोष्ट, रक्त तपासून घ्या. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल, तर विरळ हवेत तारांबळ उडणारच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ‘मला काही होत नाही हो,’ म्हणणाऱ्या आपण सगळ्याच त्यात येतो. तपासणी तीन महिने आधी केली, तर लोह भरून काढायला वेळ मिळतो. आदल्या आठवड्यात केली, तर नुसता कागद हाती येतो. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना ‘यात्रेला जातेय’ एवढंच सांगू नका. ‘चार हजार मीटरच्या वर चालत जातेय’ असं स्पष्ट सांगा. गरोदरपणी हा बेत नकोच. उंचीच्या त्रासावर गोळ्या मिळतात, पण त्या प्रत्येकीला चालतात असं नाही. शेजारणीने दिली म्हणून घेऊ नका.

पाळीचंही मोकळेपणी बोलू या. देवदर्शनाला जायचं म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. गुरुद्वारात पाळीची आडकाठी नसते. पुरेसे पॅड, कागदी पिशव्या आणि एक घट्ट झाकणाचा डबा बरोबर ठेवा. वापरलेलं वाटेवर न टाकता खाली घेऊन या.

दुसरी गोष्ट, पायांची सवय. आपल्याकडे डोंगर नाहीत असं कोण म्हणतं? माहूरला जा. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया ही तिन्ही ठिकाणं गाडीने न करता पायी करून पाहा. जवळच हवं असेल तर वडेपुरीची रत्नेश्वरीची टेकडी आहे. लातूरकडच्या मैत्रिणींना खरोश्याची लेणी आहेत. आठवड्यातून एकदा पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन चढा आणि उतरा. उतरण्याची सवय विशेष करा. गुडघे चढताना कुरकुरतात, पण रडतात ते उतरताना. एक मात्र ध्यानात असू द्या. माहूर चढून पाय तयार होतील. उंचीची सवय घरबसल्या होत नाही, ती तिथेच दिवस देऊन होते.

बूट किमान महिनाभर आधी घ्या आणि घरात, बाजारात घालून फिरा. नवे बूट घालून निघालेली बाई पहिल्याच मुक्कामी टाचेचे फोड मोजत बसते. लोकरीचे कपडे मे महिन्यात आपल्याकडे शोधून सापडत नाहीत. डिसेंबरात लोकरीची दुकानं लागतात, तेव्हाच कानटोपी, हातमोजे, मोजे घेऊन ठेवा. एक जाडजूड स्वेटर घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालणं सोयीचं. चढताना काढता येतात, थांबलं की चढवता येतात. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि थंडी आत शिरते, म्हणून अंगालगत लवकर वाळणारा कपडा हवा. साडीचा हट्ट इथे नको. सलवार-कमीज किंवा पँट बरी. डोकं झाकायला ओढणी हवीच. रेनकोट आणि काठी हे दोन सोबती विसरू नका.

पिशवीचं वजन आपल्या वजनाच्या आठव्या हिश्श्याहून अधिक नको. बाकीचं सामान जोशीमठच्या मुक्कामी ठेवून जा.

खाण्याचं काय, हा प्रश्न आलाच! गाडीसाठी धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घ्या. वर चढताना मात्र तेलकट उतरत नाही, भूक मंदावते. खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे असं थोडं थोडं तोंडात टाकत राहा. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. वाटेत आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. ते तर अजिबात करू नका. वाटेवर स्वच्छतागृहं आहेत, आधी विचारून ठेवा. हेमकुंडाला लंगरात गरम चहा आणि खिचडी मिळते. त्या थंडीत ती खिचडी हातात घेतल्यावर आपल्या गुरुद्वारातल्या लंगराची आठवण आल्याखेरीज राहणार नाही.

वर काय पाहाल?

फुलांचं खोरं पुष्पावती नदीच्या काठी आहे. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती इथे उतरले. या खोऱ्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव जगभर झालं. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ साली जागतिक वारसास्थळांत गेलं. निळी पॉपी, प्रिम्युला अशी नावं पाठ नसली तरी बिघडत नाही. पण आपल्या तेरड्याची पहाडी बहीण गुलाबी फुलांनी लगडलेली दिसली, की परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. खोऱ्यात एक एकाकी कबर आहे. जोन मार्गारेट लेग या इंग्रज वनस्पतिअभ्यासक बाईंची. १९३९ साली फुलं गोळा करताना पाय घसरून त्या गेल्या. तिथे क्षणभर उभ्या राहा. फुलासाठी कडेला वाकू नका, तोडू तर मुळीच नका.

हेमकुंडाची वाट सहाच किलोमीटरची, पण हजार मीटरहून अधिक चढ. पहाटे पाचला निघा, म्हणजे दुपारी वेळेत खाली उतरता येतं. वरच्या टप्प्यात खडकांच्या आडोशाला ब्रह्मकमळं दिसू लागतात. आणि मग अचानक ते पाणी समोर येतं. शिखरं त्यात उतरलेली असतात, धुकं आलं की पुसून जातात. डुबकीची चढाओढ लावू नका. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं तरी पोहोचतं.

सर्वांत महत्त्वाचं

आता जे सांगते ते सहलीला निघालेल्या प्रत्येकीने वाचावं, आणि पुरुषमंडळींनाही वाचून दाखवावं.

उंचीचा त्रास पहिल्यांदा बोलतो तो डोकेदुखीतून. डोकं दुखतं, मळमळतं, अन्नावरची वासना जाते, झोप लागत नाही. आणि आपली बाई काय म्हणते? ‘काही न्हाई, जरा डोकं जड झालंय, बाम लावते.’ घरी ताप अंगावर काढायची, सगळ्यांची पानं वाढून मग आपण बसायची तिची वर्षानुवर्षांची सवय. आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडू नये, एवढ्या लांब येऊन दर्शन हुकू नये, देवाच्या वाटेवरून मागं फिरू नये, म्हणून ती गप्प बसते. घरी या गप्प बसण्याचं कौतुक होतं. तीन हजार मीटरच्या वर याच गप्प बसण्याने जीव जातो.

म्हणून घांगरियाला रोज संध्याकाळी एक नियम पाळा. आपल्यापैकी एकीला ‘विचारणारी’ नेमा. तिने प्रत्येकीला नाव घेऊन विचारायचं: डोकं दुखतंय का? जेवलीस का? काल झोप लागली का? ‘बरी आहे’ एवढ्यावर सोडायचं नाही, पानात काय उरलं ते पाहायचं. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल, तर दुसऱ्या दिवशी ती वर जाणार नाही, विश्रांती घेईल. आणि तिच्याजवळ एकजण थांबेल, हे आधीच ठरलेलं असेल. बरं वाटलं नाही तर खाली.

बसल्या जागी धाप लागते, खोकला सुटतो, बोलणं असंबद्ध होतं, किंवा फरशीच्या रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालायला सांगितलं तर तोल जातो, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. मिळेल ते खेचर, मिळेल तो पिठ्ठू घेऊन त्याच क्षणी खाली उतरवायचं. खाली उतरणं हाच त्यावरचा पहिला उपाय आहे, औषधं त्यानंतर.

हल्ली गोविंदघाटहून घांगरियाला हेलिकॉप्टर जातं. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने थेट हेमकुंडापर्यंतच्या रोपवेलाही मंजुरी दिली. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना या सोयींचा आधार वाटणं साहजिक आहे. पण पाय वाचले म्हणजे फुप्फुसांना सवलत मिळाली असं नाही. उलट चढ जितका झटपट, तितकं शरीर बेसावध. वाहन कुठलंही असो, मधल्या रात्री गाळू नका.

वयाची भीती मात्र नको. २०२२ साली एव्हरेस्टवीर बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली पन्नाशी ओलांडलेल्या बायका अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय चालून गेल्या. पाळणाघर, परीक्षा, सासूबाईंची औषधं या सगळ्यातून तेरा दिवस काढायचे म्हणजे सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, इतक्या कष्टाने मिळवलेले दिवस धावपळीत उधळू नका. पुढच्या भिशीच्या दिवशी कॅलेंडर समोर घ्या, मोकळे दोन दिवस आधी खुणा करून ठेवा, आणि ‘विचारणारी’ कोण ते त्याच दिवशी ठरवा. बाकीची यादी मग होईलच.